पाणी गावंना म्हणून

फौजेतनं पेन्शनीत येताना माणसं काय काय घेऊन येत्यात. कुणी लोखंडी ट्रंक आणतंय, कुणी रेडिओ, कुणी कँटीनच्या बाटल्या. आमच्या मालकांनी होडी आणली.

आन ती कवा, तर बहात्तर साली. हिरींचा तळ उघडा पडलेला, कृष्णेची धार डबक्याडबक्यांत तुटलेली, निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडाय गेलेलं, आन त्या वक्ताला पुण्याकडनं आलेल्या ट्रकातनं शिडाची होडी आमच्या दारात उतरली. पांढरी, लाकडाची, बैलगाडीपेक्षा बी लांब. गाव बघाय जमलं. चावडीवरच्या म्हाताऱ्यांनी इचारलं, "नाथाजी, पाऊस पाडाय आणलीस का रं ही?" मालक नुसतं हसलं. त्यांचा उजवा कान पासष्टच्या लढाईत सुरुंग काढताना गेला. तवापासनं ज्याला उत्तर द्यायचं नसतंय ते त्यास्नी ऐकूच येत न्हाई.

मी राही, त्यांची बायको. माझं दोन्ही कान शाबूत हाईत, म्हणून गावाचं बोलणं सगळं माझ्याच वाट्याला आलं. पाणंदीनं निघालं की बाया म्हणायच्या, "राहीबाई, होडीतनं या की हिरीवर." खाली मान घालायची आन घागर भरून माघारी यायचं.

मालक फौजेत सापर हुते. पूल बांधायचं आन सुरुंग काढायचं ह्ये त्यांचं काम. पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावात सायबलोक शिडाच्या होड्यांच्या शर्यती लावायचं. त्या होड्या दुरुस्त कराय मालकांना लावलं हुतं. एखाद्या सायबाला जोडीला माणूस नसला की ह्यांना बसवायचं. तिथं ह्यांना त्या होडीनं पछाडलं. जुनी झालेली एक होडी पलटणीनं लिलावात काढली आन पेन्शनीला म्हणून आलेल्या पैशातनं ह्यांनी ती घेतली. घरात कुणाला इचारलं न्हाई. म्या इचारलं, "आवं, काय हाय त्या होडीत?" तर म्हणालं, "राही, आवाजच नसतोय गं. वारा नेतोय आन आपुन जातोय." म्या म्हणलं, "आवाज नगं असंल तर एक कान ऱ्हायलाय, त्यात बी बोळा घाला." त्यावर बी हसलं.

होडी आली आन माझं अंगण गेलं. पहाटं अंधारात शेणाची पाटी घेऊन निघालं की नडगी नेमकी तिच्या कडंवर बसायची. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. शेळी वर चढून बसायची. आन होडीचं चोचलं तर बघा. ऊन लागलं की फळ्या उलत्यात, पावसात भिजून वाळली की रंग सुटतोय, भुईला टेकली की वाळवी लागतीय. म्या म्हणलं, जल्म पाण्यासाठी आन पाऊस सोसत न्हाई, अशी कसली ही राणी. पण मालकांचा जीव खालवर. येत्या-जात्याला इचारायचं, छप्पर हाय का कुठं मोकळं, लय भाडं नसलेलं.

पहिलं छप्पर दिलं बाळगोंडा पाटलानं. बाळगोंडा म्हंजे ह्यांचा शाळंतला दोस्त, जैनाचा, गुऱ्हाळ हाय त्याचं. माणूस सोन्यासारखा. म्हणाला, "ठेव गड्या, भाडं कसलं काढतोस. पण दिवाळीनंतर चुलवाण पेटलं की उचलायची बघ. चिपाडाच्या गंजीशेजारी लाकूड नगं." मालक खूश. पण इचार करा. पावसाळाभर नदीला पाणी, तवा होडी गुऱ्हाळात. दिवाळीला गुऱ्हाळातनं भाईर काढली की नदी खाली गेलेली. आसा आमचा सगळा मेळ.

मग चाकं पायजे झाली. प्रत्येक बारीला पंधरा माणसं बोलवून होडी उचलायची म्हंजे त्यांना च्या, तंबाकू, आन वर त्यांची थट्टा. म्हणून कुपवाडात एका वर्कशॉपात जुन्या टायरगाडीचा आस घेऊन लोखंडी गाडा करून घेतला. होडी त्याच्यावर चढवायची, बैल नायतर ट्रॅक्टर जुपायचा आन न्यायची. गाडा झाला आन होडीला पाय फुटलं. मग ती हिंडतच ऱ्हायली. काही महिनं माधवनगरला एका गिरणीच्या मागल्या शेडात हुती, पण तिथलं भाडं पेन्शनीला झेपंना. मग कुपवाडात त्याच वर्कशॉपाच्या मागं उभी ऱ्हायली. तिथली माणसं दुपारी तिच्यात बसून भाकरी खायची, सायकली तिला टेकवायची. मालक दर रविवारी सायकल हाणत जायचं, तिला पुसून यायचं. शेवटी तिथली बी जागा सुटली आन ती परत माझ्या अंगणात आली. हरिपूरच्या एका हळदवाल्यानं सांगितलं, "आमच्या पेवात घाला की. हळद वरीसभर जमिनीखाली टिकतीय, होडी न्हाई का टिकायची?" त्याला ती चेष्टा हुती. आमच्या मालकांनी पेवाचं तोंड किती रुंद असतंय ते इचारलं.

आन जागेचं एक. पाण्याचं दुसरं. होडीला नुसतं पाणी चालत न्हाई. मालक बोटांवर मोजून सांगायचं: काठाला उतार पायजे, म्हंजे गाडा मागं मागं पाण्यात नेता येतोय. तळ टणक पायजे, न्हाईतर चाकं रुतत्यात. म्होरं पाणी मोकळं पायजे, खोल पायजे, कारण होडीच्या पोटातनं एक फळी खाली सोडावी लागतीय. आन वारा पायजे. म्या म्हणलं, पोरीला स्थळ हुडकताना बी माणसं एवढ्या अटी घालत न्हाईत.

सांगलीच्या खालच्या अंगाला नदीवर एकदा नेली. बाळगोंडाचं बैल, चार माणसं, आन मागनं मी डबा घेऊन. उतरणीला गाडा सुटला तसा थेट चिखलात. मालकांनी फळी सोडली ती गाळात बसली. शीड वर केलं तर ते धुण्यासारखं लोंबत ऱ्हायलं. नदीचं काठ दोन्हीकडनं माणसाच्या डोक्यावर, खाली वारा येतोय कुठला. धुणं धुणाऱ्या बाया हातातलं धुणं टाकून बघत बसल्या. बैलांनी वडून भाईर काढस्तवर दिवस मावळला. वाटंनं मालक एवढंच म्हणालं, "नदी तिच्या जोगती न्हाई." माझं पाय मोडून आलं हुतं.

मालक कोयनेला जाऊन आले, होडी न नेता, एस.टी.नं, नुसतं बघाय. धरणाच्या अंगाला पहारा, आत सोडीनात. वरच्या पाण्याकडं गाडा जाईल असा रस्ताच नव्हता. विश्रामबागला एका हापिसात गेले, कुठल्या तलावात सोडू देता का म्हणून. तिथल्या सायबानं इचारलं, "मासे धरायचे का माणसं वाहायची?" मालक म्हणालं, "दोन्ही न्हाई. बसायचं." सायेब म्हणाला, "मग मी परवानगी कशाची देऊ?" त्याचं तरी काय चुकलं.

आसं करता करता पंच्याहत्तर साल आलं आन आमच्या अंजनाचं लगीन ठरलं. एकुलती एक पोर. स्थळ चांगलं, वाईच्या वर डोंगराच्या कुशीत, कोंडीबा म्हणून घरंदाज शेतकरी, त्यांचा थोरला. पण आमच्याकडनं हात आखडला. नुसती पेन्शन आन थोडा ऊस, त्यात ऊस फौजेतल्या धाकट्या दिरासंगं वाटणीचा. पेन्शनीला आलेला पैसा तर अंगणात चाकावर उभा. आंदणाला कॉट नव्हती, भांड्यांची उतरंड नव्हती, जावयाला घड्याळ नव्हतं. पोरगी तांब्या-ताट घेऊन सासरी गेली.

विहीण हरणाबाई तोंडाची तिखट. मारलं न्हाई, उपाशी ठेवलं न्हाई, खोटं कशाला बोलू. पण बोलणं रोजचं. भांडं पडलं तरी बोलायची, "सांभाळून, ती आमची हाईत. तुझ्या बाबानं दिलेली न्हवंत." शेजारणींना सांगायची, "हिच्या बापानं पैसा पाण्यात घातला म्हणावं, तर त्यास्नी पाणी बी गावलं न्हाई." पोर पंचमीला म्हायेराला आली तवा निम्मी झालेली. झोका न्हाई खेळली, मेंदी न्हाई लावली. अंगणात होडीम्होरं उभी ऱ्हायली आन म्हणाली, "आये, माझं आंदण ह्ये बघ. ह्ये इथं उभं हाय." मालक होडीच्या पल्याडच्या अंगाला खाली बसून चाकाला वंगण लावत हुतं. त्यांनी मान वर केली न्हाई. म्या म्हणलं बरं झालं, ऐकू न्हाई गेलं.

दोन वर्सांनी वाईच्या वरचं धरण तुंबलं. कोंडीबाचं जुनं गाव पाण्याखाली गेलं, माणसं वरच्या टेपावर येऊन नवी घरं बांधून ऱ्हायली. दिवाळीला अंजनाला आणाय मुराळी म्हणून मालक गेलं, आन माघारी आलं ते वेगळंच माणूस. ह्या माणसाला वर्सात धड चार वाक्यं बोलताना कुणी ऐकलं नसंल. त्या दिवशी भाकरी ताटात वाळली तरी बोलतच हुतं. "राही, जुन्या गावाचा रस्ता हाय न्हवं, तो टेपावरनं सरळ पाण्यात उतरतोय गं. खडीचा रस्ता, टणक, उतार कसा मोजून केल्यागत. म्होरं सगळं पाणी मोकळं. आन दुपारचं डोंगरावरनं वारं सुटतंय." उतार, तळ, पाणी, वारा. चारी गावलं हुतं. आन कोंडीबाच्या गोठ्याला लागून एक पडवी रिकामी, थेट त्या रस्त्याच्या कडंला. होडी तिथं ठेवायची, महिन्या-दोन महिन्यानं जायचं, वाऱ्यावर बसायचं आन यायचं.

माझं डोकंच उठलं. म्या म्हणलं, "आवं, पोरीला मूल होईस्तवर तिच्या घरचं आपुन पाणी पीत न्हाई, आन तिच्या दारात आपलं वझं नेऊन ठेवायचं? ज्या होडीपायी तिला बोलणी खावी लागत्यात तीच?"

"पडवी रिकामीच हाय," म्हणालं.

"रिकामी असू द्या. मागणं ते मागणं. मुलीच्या बापानं द्यायचं असतंय, मागायचं नसतंय."

मला वाटलं संपलं. पण महिनाभर बघत हुते, माणूस होडी पुसायचं सोडून दारात बसून ऱ्हायचा. जेवण तुटलं. तोंडावर म्हातारपण दिसाय लागलं. भांडायला सुदीक अंगात काय तरी लागतंय, ते बी त्यांच्यात उरलं नव्हतं, आन माझ्यात बी. शेवटी मीच म्हणलं, "जावा घेऊन. एकदाची जाऊ दे दारातनं."

जावई हळदीच्या कामाला सांगलीला आलं हुतं, त्यांच्याकडं मालकांनी सांगावा धाडला. काय सांगावा, तर "संक्रांत झाली की होडी घेऊन येतोय." बास. ठेवू द्या म्हणून म्हणायला जीभ रेटंना. म्हणालं, "व्याह्यांम्होरं बसून तोंडानं बोलतो." पोरीच्या सासरी मागायचं म्हंजे वाघाच्या जबड्यात हात. मला बी त्यात वावगं वाटलं न्हाई.

बाळगोंडाचा गुळाचा ट्रक साताऱ्याला जायचा हुता, त्याच्या मागं गाडा जोडायचं ठरलं. आता लेकीच्या घरी जायचं म्हंजे मोकळ्या हातानं जाता येतंय का? म्या लाडू केलं, करंज्या केल्या. अंजनाला साडी, विहीणबाईला खण, घरच्या सगळ्यांना काय काय. बाळगोंडानं एक ढेप आणून ठेवली, "पोरीच्या सासरी माझ्याकडनं." ट्रकात ढेपांनी जागा न्हाई, तवा सगळ्या बुट्ट्या होडीत मांडल्या. लांबचा पल्ला, घाटाचा रस्ता, म्हणून निघताना होडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आन डोलकाठी आडवी बांधली हुती तिला एक हिरवा खण गुंडाळला. वाटंला लागणाऱ्या वाहनाला करत्यात तसं. त्या होडीसाठी मनापासनं काय केलं असंल तर ते तेवढंच.

ट्रक बैलाच्या चालीनं गेला. मालक केबिनीत बसलं न्हाईत. ढेपांवर बसून मागं तोंड करून वाटभर होडीकडं बघत हुते. कराड गेलं, सातारा गेला. तिथं ढेपा उतरल्या आन डायव्हर बिचारा बाळगोंडाच्या शब्दाखातर पुढं वाईच्या वर आला. माझी कंबर मोडली हुती. मनात एकच, ह्यांनी नीट मागावं, आन हरणाबाईनं पोरीच्या देखत वेडंवाकडं बोलू नये.

टेपाच्या वळणावर हलगीचा आवाज आला. म्या म्हणलं कुणाचं लगीन असंल. वळण घेतलं तर रस्त्यात सगळा गाव उभा. पुढं हलगीवाले, त्यांच्या मागं कोंडीबा फेटा बांधून, आन बायांच्या म्होरं हरणाबाई, हातात आरतीचं ताट. ट्रक थांबला. हरणाबाईनं चाकावर पाणी घातलं, होडीच्या तोंडावरनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग मागं वळली आन म्हणाली, "अंजना, पुढं ये. तुझा मान हाय. तू लाव कुंकू."

हिरवा खण, नारळ, बुट्ट्या, ढेप. सांगाव्यात नुसतं 'घेऊन येतोय'. कुणी बी काय समजंल? मुलीच्या बापाकडनं हळदकुंकू लावून, खण बांधून, शिदोरीनं भरून दारात आलेल्या गोष्टीला आमच्यात एकच म्हणत्यात. आंदण.

कोंडीबानं मालकांना मिठी मारली. म्हातारा रडत हुता. "व्याही," म्हणाला, "आमचं निम्मं रान पाण्याच्या पल्याड ऱ्हायलं. धरणाला वळसा घालून जायचं म्हंजे दिवस मोडतोय. पाणी तुंबल्यापासनं औताचा बैल तिकडं गेला न्हाई, रान पडीक पडलं. भाऊबंदाच्या ध्यानात आलं न्हाई आमचं दुखणं, ते तुमच्या ध्यानात आलं. लोक आंदणाला भांडी देत्यात. तुमी आमचं रान परत दिलं." मग गावाकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "लग्नात कमी केलं म्हणून आमी काय काय बोललो. ते पोटात घाला."

हरणाबाईनं माझा हात धरला. नुसता धरून ऱ्हायली. अंजनानं कुंकू लावलं आन पदर सारखा करून गावाकडं तोंड केलं. त्या घरात म्या तिचं मान वर केलेलं तोंड कवा बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं.

मालकांनी बी बघितलं. त्यांनी तोंड उघडलं. "व्याही," म्हणालं, आन थांबलं. हलगी थांबली. मला सांगाय लाज न्हाई, त्या वक्ताला मला वाटत हुतं ह्यांनी बोलावं. सांगून टाकावं की ही माझी हाय, नुसती जागा मागाय आलोय. सगळा जल्म ह्या माणसानं सरकारचं पूल बांधलं आन सरकारचं सुरुंग काढलं, स्वतःचं म्हणून एवढंच एक घेतलं हुतं.

"काय?" कोंडीबा म्हणाला.

"काय न्हाई," मालक म्हणालं. "गाडा अजून खाली घ्या. तळ टणक हाय तिथं."

मग सगळी मिळून गाडा त्या जुन्या रस्त्यानं खाली नेला. रस्ता खरंच सरळ पाण्यात जात हुता, आन कुठं तरी खाली कोंडीबाचं जुनं घर हुतं. चाकं बुडाली, गाडा बुडाला, आन होडी आपली आपुन वर उचलली. एवढी वर्सं दारात मुडद्यासारखी पडलेली, ती हलाय लागली. मालकांनी डोलकाठी उभी केली, दोऱ्या बांधल्या. बोटं कशी भराभरा चालत हुती. जावयाला आत घेतलं, अंजनाला घेतलं. मग माझ्याकडं बघून म्हणालं, "येतीस?" सगळ्या गावाम्होरं नवऱ्याच्या होडीत कुठं बसू? मान हलवली. "तुमी जावा," म्हणलं.

शीड वर गेलं, पोटात वारा भरला आन होडी निघाली. वल्हं न्हाई, मोटार न्हाई, काय न्हाई. आवाजच नव्हता. लांब पाण्यावर मालक मागं बसलेले, एक हात सुकाणूवर, एका हातात दोरी, आन अंग मागं टाकून दिलेलं. पेन्शनीतला माणूस वाटत नव्हता तो. आमचं लगीन झालं तवा पहिल्या रजेवर आलेला जवान कसा चालायचा, तसा दिसत हुता. मला लय राग आला. कुणाचा ते समजंना. हरणाबाई म्हणाली, "विहीणबाई, डोळ्यात काय गेलं का?" म्या म्हणलं, "व्हय, वारं लय सुटलंय."

पल्याड जाऊन, वळसा घेऊन माघारी आलं. पोरगी भिजली हुती, हसत हुती. जावई थरथरत हुतं. मालक उतरलं, दोरी जावयाच्या हातात दिली, फळी कशी वर घ्यायची, गाठ कशी मारायची ते दोन-दोनदा दावलं. कोंडीबा म्हणाला, "शिडाचं काय आमास्नी जमणार न्हाई, व्याही. बांबूनं रेटत नेऊ. ते कापड जोंधळं मळताना खळ्यावर अंथराय बरं पडंल." मालकांनी शिडाची घडी घातली, अगदी कोपऱ्याला कोपरा लावून, आन हरणाबाईच्या हातात दिली. "पडंल की," म्हणालं. गाडा बी शेणखत वाहायला ऱ्हायला. आमास्नी साडीचोळी आन टॉवेल-टोपी मिळाली. पडवी मागायची तर गोष्टच निघाली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना एस.टी.पर्यंत सोडाय आली, एकटीच. हरणाबाईनंच धाडली, "जा, बोल आईबापासंगं." आमी रस्त्याच्या कडंला दगडावर बसलो. मालक नवीन टोपी घालून. अंजना आमच्या मधी, त्यांच्या डाव्या अंगाला बसली, चांगल्या कानाकडं. मग म्हणाली, "आबा, तुमी ती ठेवाय आणली हुती न्हवं?"

"कोण म्हणलं?"

"कोण कशाला म्हणंल. मी तुमास्नी वळखत न्हाई व्हय? गाडा पाण्यात जाताना तुमचं तोंड बघितलं म्या. सांगा तुमी खरं. मी सासऱ्यास्नी समजावती. बोलतील चार दिस, ऱ्हातील."

चार दिस नव्हतं ते. जल्मभराचं हुतं. तिला बी ठावं हुतं, आमास्नी बी.

मालक म्हणालं, "यडी का काय तू? तुझं आंदण ते. पंचमीला अंगणात उभी राहून तूच म्हणली हुतीस की."

पोर गार पडली. मी बी. सगळं ऐकलं हुतं ह्या माणसानं. दोन वर्सं पोटात घेऊन होडीला पुसत बसला हुता.

तिनं खाली बघत इचारलं, "मग लग्नातच का न्हाई दिलं?"

"पाणी गावंना म्हणून ऱ्हायलं," मालक म्हणालं. "पाण्याबगर होडी देऊन काय करायची. हुडकत हुतो की."

अंजनानं माझ्याकडं बघितलं. तिला ठावं हुतं, होडीच्या बाबतीत मी ह्यांची बाजू कवा घेतली न्हाई. ह्यांनी म्हणायचं पांढरी, म्या म्हणायचं वाळवीची. "आये," म्हणाली, "खरं?"

त्या होडीबद्दल म्या जल्मात एक बरा शब्द काढला नव्हता.

"व्हय," म्हणलं. "तुझ्यासाठीच हिंडत हुतो आमी."

पोर रडाय लागली. लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. तसं मालक उठलं आन माझ्या पल्याड जाऊन बसलं, गेलेला कान तिच्याकडं करून.